क्वालिटीतले काका

निगडीपासून मोशीपर्यंत कुठलीही सोसायटी घ्या, तिथे क्वालिटीतले एक काका असतातच. आडनाव कुणी विचारत नाही. ते पस्तीस वर्षं 'कंपनीत' होते, एवढं पुरतं. आणि नाव न घेता नुसतं 'कंपनी' म्हणणारा माणूस टेल्कोचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. (टेल्कोची टाटा मोटर्स २००३ साली झाली. ते सर्क्युलर काकांपर्यंत अजून पोचायचं आहे.)

काका रिटायर झाले, त्यांचं इन्स्पेक्शन झालं नाही. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघतात. लग्नात जिलबी 'नॉट ओके' करून परत पाठवतात. अशा माणसाजवळ शॉवरला गरम पाणी नीट येत नाही, असं बोलून जाऊ नये. आमच्या मजल्यावरचा एक पोरगा बोलून गेला. तो चाकणच्या प्लांटला, फर्स्ट शिफ्टची बस चौकात पावणेसहाला. सव्वापाचला काका त्याच्या बाथरूममध्ये हजर! हातात नातीचा ताप बघायचा थर्मामीटर. धारेखाली धरला तर त्यावर 'लो' आलं. काकांनी वहीत तारीख, वेळ टाकून लिहिलं : 'लो'.

"काका, मी बादलीनं उरकतो ना," पोरगा टॉवेल सावरत म्हणाला.

"आणि उद्या? जुगाड नको. रूट कॉज काढू."

बस गेली.

गुरुवारी, म्हणजे औद्योगिक पट्ट्याच्या रविवारी, प्लंबर आला. ओडिशातल्या केंद्रापाड्याचा; तो जिल्हा म्हणजे प्लंबरांचं माहेरच. काकांनी व्हाय-व्हाय सुरू केलं.

"पानी गरम क्यों नहीं आता?"

"गीजर छोटा है."

"छोटा क्यों है?"

"बिल्डर ने दिया."

"क्यों दिया?"

"सस्ता था."

"सस्ता क्यों था?"

"छोटा है ना, काका."

पाच वेळा 'का' विचारलं की मूळ सापडतं, हे जपान्यांचं शास्त्र. त्यांची आपल्याकडच्या बिल्डरशी गाठ पडली नव्हती. मग लिफ्टशेजारच्या बोर्डावर फिशबोन लागला : मॅन, मशीन, मटेरियल, मेथड. 'मॅन'खाली आपलं नाव बघून पोरगा दोन दिवस जिन्यानं गेला.

खरी पंचाईत ही, की काका चूक नसतात. त्यांनी शॉवरखाली बादली धरली, घड्याळ लावलं आणि हिशोब मांडला. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला एक लिटर पाणी साधारण ४३ अंशांनी तापवतो. दोन लिटर सोडलं, तर २१ अंशांनी. सॅम्पल फ्लॅट बघून भाळलेल्या पोरानं बसवलेला तो थाळीएवढा शॉवर मिनिटाला नऊ लिटर ओतत होता. मग पाच अंशही चढत नाहीत. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी वीस अंश धरा, अंगावर येणार पंचवीस. गिझरमधलं आधीचं साठलेलं तीन लिटर तेवढं कडकडीत, ते साबण लावेपर्यंत संपतं. नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात मिनिटाला नऊ लिटर! काका गिझरला सोडून शॉवरवरच घसरले.

भोसरीतल्या ओळखीच्या टर्निंग शॉपमधून त्यांनी पितळेची चकती करून आणली, मधोमध भोक, ड्रॉइंग टॉलरन्ससकट. ती शॉवरच्या मानेत बसवली. पाणी चाळीस अंशांवर आलं. थर्मामीटरनं आकडा दाखवला, काकांनी 'ओके'ची सही केली. धार मात्र अशी, की एक खांदा भिजेपर्यंत दुसरा वाळतो. काकू चहा घेऊन आल्या, घटकाभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, एवढ्यात त्याची बादली भरून अंघोळ झाली असती."

पोरगा आता बादलीच घेतो. बस चुकत नाही.

तुमचाही शॉवर कोमट असेल, तर प्लंबरला बोलावण्याआधी बादली नि घड्याळ घ्या. मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या वर पडत असेल, तर तो तीन किलोवॅटचा गिझर बिचारा निर्दोष आहे. मोजताना दार तेवढं लावून घ्या. काका जिन्यातच असतात.