पाटे-बंधारे

जीपकाका भेटले की आधी तब्येत विचारत नाहीत, वजन विचारतात.

"किती भरलं रे या महिन्यात?"

"94."

"उत्तम!" असं म्हणून ते माझ्या पाठीवर थाप मारतात. डॉक्टर ज्या आकड्याला मान हलवतात, त्याला 'उत्तम' म्हणणारा माणूस अख्ख्या कोथरूडमध्ये एकच. "मग रविवारी सात वाजता खाली ये. मागे डावीकडे बस. तिथं भार कमी पडतोय."

ही वेळ माझ्यावर का आली हे सांगायचं, तर काकांच्या निवृत्तीपासून सुरुवात करावी लागेल.

काकांची एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीचशी उजनीच्या डाव्या कालव्यावर. फंडाचे पैसे हातात आल्यावर माणसं अष्टविनायक करतात, फ्लॅटला फर्निचर करतात. काकांनी जुनी महिंद्रा एमएम 540 घेतली. खात्यात असताना त्यांना असलीच सरकारी जीप होती आणि "काय लोण्यासारखी चालायची रे!" हे वाक्य काकूंनी लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा ऐकलेलं होतं. "रिटायर झाल्यावर पुरुष घरी बसतात," काकू म्हणाल्या, "ह्यांनी बसायला वेगळी जागा आणली."

जीप होती तशी ठेवली असती तर हे व्यक्तिचित्र इथंच संपलं असतं. पण काका हाडाचे स्थापत्य अभियंते. धरणाचा सांडवा आज वाहणाऱ्या पाण्यासाठी बांधत नाहीत, क्वचित कधीतरी येणाऱ्या महापुरासाठी बांधतात. त्याच हिशेबाने काकांनी जीप महापुरासाठी सज्ज करायला घेतली.

आधी पुढे जाडजूड लोखंडी बंपर आला. बंपर आहे तर त्यावर विंच हवी, म्हणून साडेनऊ हजार पौंड ओढणारी विंच आली. हत्ती खड्ड्यात पडला असता तर काकांनी तो वर काढला असता, पण डहाणूकर कॉलनीत हत्ती खड्ड्यात पडत नाहीत. मग इंजिनाला पाण्याच्या वरून हवा मिळावी म्हणून बॉनेटच्या कडेने स्नॉर्केल, म्हणजे गाडीची सोंड. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा ही सोंड कामाला येणार होती. पण पाणी सोडलं की पोलिस पूल बंद करतात, आणि काका नियम पाळणारे. त्यामुळे दर पावसाळ्यात जीप, सोंड आणि काका कठड्याअलीकडे उभं राहून पाणी बघत. शिवाय मागे वीस-वीस लिटरचे दोन जेरीकॅन होते. ते रिकामे असत, कारण पेट्रोल पंप घरापासून तीन मिनिटांवर होता.

एवढं लोखंड लादल्यावर गाडी पुढून बसायला लागली. काकांनी चारही कमानींत तीन-तीन जादा पाटे घातले. पुढच्यापुरते का नाही घातले? तर "उद्या मागेही काही लावलं तर?" गाडी तीन इंच उंच झाली. काकूंना चढायला स्वयंपाकघरातलं स्टूल लागू लागलं.

आणि मग गाडी दणके द्यायला लागली.

नुसते दणके नव्हते. कर्वे रस्त्यावर पडलेलं एक रुपयाचं नाणं छापा आहे की काटा, हे त्या जीपमध्ये बसलेल्या माणसाला मणक्यातून कळत असे. काकूंनी एकदा बहिणीकडे सिंहगड रस्त्याला इडल्या नेल्या. डबा उघडला तर आत उपमा. त्या दिवसापासून काका जीपने जात आणि काकू मागून रिक्षाने. रिक्षावाल्याला त्या सांगत, "त्या हिरव्या गाडीच्या मागे घ्या. ते आमचेच आहेत."

काकांचा पहिला संशय रस्त्यावर गेला. सोसायटीच्या दाराशी अध्यक्षांनी हौसेने बांधून घेतलेला एक गतिरोधक आहे. काका टेप घेऊन उकिडवे बसले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गोल गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर हवी, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने त्यावरून सुखाने जाता येतं. आमचा भरला जेमतेम दीड फूट रुंद. काकांनी सोसायटीला आकृतीसकट पत्र दिलं आणि आवक क्रमांक मागून घेतला. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र क्रमांक दोननंतर अध्यक्षांनी गतिरोधकावर पांढरे पट्टे मारून घेतले.

दुसरा संशय शॉकअपवर. काकांनी महागातले, गॅस भरलेले, चांगले कडक शॉकअप बसवले. गाडी आणखी आपटायला लागली. वाईट गोष्ट अशी की ती का आपटते हे काकांना पाठ होतं. "वजन पाटा पेलतो रे. शॉकअपचं काम फक्त हेलकावा आवरायचं. शॉकअप नसेल तर गाडी होडीसारखी डुलत राहील."

"मग कडक कशाला घातले?"

"चांगले होते," काका म्हणाले. हे उत्तर मला अगदी खरं वाटलं. माणूस दुकानात शिरला की भौतिकशास्त्र बाहेर चपलांपाशी थांबतं.

मग रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे घातले. ते दहा वर्षं टिकतात, कारण ते रबराइतके दबत नाहीत, आणि दबत नाहीत म्हणूनच बारीकसारीक खडबड गिळायच्या ऐवजी जशीच्या तशी वर पाठवतात. त्यानंतर मेमरी फोमची उशी. त्या उशीला माणसाच्या बैठकीचा आकार लक्षात राहतो म्हणे. पंधरा दिवसांनी पाहिलं तर तिच्या लक्षात फक्त खड्डे राहिले होते.

मधे एकदा गुण आला होता. टायरच्या कडेवर हवेचा जो आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्तीचा असतो. काका तो ध्येय म्हणून वाचत आणि इमाने इतबारे चाळीसच्या पुढे हवा भरत. कुणीतरी सांगितलं, एवढ्या हलक्या गाडीला इतकी हवा कशाला, सव्विसावर आणा. आणली, आणि चार दिवस गाडी माणसात आली. पाचव्या दिवशी पंपावरच्या पोराने "काका, चारही चाकं पार बसलीत की!" म्हणून दयाबुद्धीने सगळीकडे चाळीस ठोकली. काका तेव्हा पावती तपासत होते.

सगळ्यात मोठा घाव घातला तो सरकारने, म्हणजे काकांच्या माहेराने. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की गाड्यांपुढे लावलेले असले लोखंडी अडसर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत, कारवाई करा. पोलिसांनी अडवायची वाट काकांनी पाहिली नाही. ज्याने आयुष्यभर परिपत्रकं काढली तो परिपत्रक आलं की आतून उभा राहतो. बंपर उतरला आणि त्यावर बसलेली विंचही उतरली. पण ते वजन पेलायला घातलेले पाटे तसेच राहिले. गाडीचं नाक आकाशाकडे गेलं आणि पुढची चाकं बेडकासारखी उडायला लागली. ज्या ओझ्यासाठी कणा ताठ केला ते ओझंच निवृत्त झालं होतं.

अखेर काका नाना पेठेत गेले. सुट्या भागांच्या त्या दुनियेत एका गल्लीत एक म्हातारा मिस्त्री पाटे बसवतो. मीही बरोबर होतो. मिस्त्रीने गाडीखाली वाकून पाहिलं नाही की हत्यार काढलं नाही. मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून एकदा दाबलं. गाडी हलली नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुम्ही चढा मागं." मी चढलो. त्याने पुन्हा दाबलं. गाडी किंचित लवली.

"गाडीत काय बी खराबी न्हाई सायेब," तो म्हणाला. "गाडी उपाशी हाय."

काकांना राग आला. "खात्याची जीप अशीच होती. हेच पाटे होते. लोण्यासारखी चालायची!"

"किती जन बसायचे?"

काका बोटं मोजायला लागले. ते स्वतः, ड्रायव्हर, शाखा अभियंता, कालवा निरीक्षक, दोन पाटकरी. लेव्हलचं यंत्र आणि त्याची तिपाई. कुणाला पाणी कधी हे ठरवणाऱ्या पाळीपत्रकाच्या फायलींची लोखंडी पेटी. माढ्याला उतरणारा एखादा बागायतदार, ज्याला पाणी मिळालेलं नसे आणि जो ते माढ्यापर्यंत सांगत असे. "आणि परत येताना ज्वारीचं एक पोतं असायचं," काका जरा घुटमळले. "ते मी कधी घेतलं नाही. मागे असायचं."

"मंग?" मिस्त्री एवढंच म्हणाला.

काका गप्प झाले. जीप मुळात लष्कराची. अमेरिकन सैन्याच्या कागदोपत्री तिचं नाव 'पाव टनी ट्रक'. पाव टन म्हणजे 500 पौंड, आपले सव्वादोनशे किलो, म्हणजे ही मोटारीच्या वेषात फिरणारी मालगाडीच. तिच्या पाट्यांनी ओझं गृहीत धरलेलं असतं. ओझं आलं तर ते लवतात, एकमेकांवरून सरकतात, खड्डा आपल्यात जिरवतात. नाही आलं तर एकमेकांना घट्ट धरून बसतात, मधे गंज धरतात, आणि मग त्यांच्यावर बसणाऱ्याची धडगत नसते. काका हे सगळं जाणत होते. एकच गोष्ट त्यांच्या हिशेबातून सुटली होती. लोण्यासारखी जीप चालत नव्हती, भरलेली जीप चालत होती.

"जादाचे तीन-तीन पाटे काढतो," मिस्त्री म्हणाला. "बाकीचे घासून ग्रीस मारून देतो. सांजच्याला घेऊन जा."

एवढी वर्षं ज्या उपायासाठी हा माणूस तडफडत होता तो समोर उभा होता, तोही स्वस्तात. काकांनी जीपकडे पाहिलं, मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि एकतीस वर्षांच्या सरावाने म्हणाले, "विचार करून कळवतो."

परतताना ते पुढे एकटे आणि मी मागे. लक्ष्मी रस्त्यावर ते अचानक म्हणाले, "वजन चौपट झालं की झोका दुपटीने संथ होतो. साधं गणित आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तू रविवारी ये."

तेव्हापासून आमच्या इमारतीत रविवारचं पाळीपत्रक निघतं. कालव्याला जसं हेड, मध्य आणि टेल, तशी जीपला पुढची, मधली आणि मागची जागा. प्रत्येकाच्या नावापुढे किलो लिहिलेले असतात. आर.सी. बुकावर जितक्या सीट तितकीच माणसं, त्यात एकाचीही सवलत नाही. त्यामुळे कमी माणसांत जास्त वजन बसवणं हा काकांचा छंद झाला आहे. पहिल्या मजल्यावरचे जोशी 58 किलोचे, त्यांची पाळी सहा-सहा आठवडे येत नाही. ते अर्ज करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईबाई शब्दकोशांचं काम करतात, त्यांना सगळे खंड घेऊन येण्याच्या अटीवर घेतलं जातं. चांदणी चौक ओलांडून आम्ही पौडच्या दिशेने निघतो आणि मुळशीच्या पाण्याकाठी थांबतो. दगडधोंड्यांत गाडी घालायची कुणाची इच्छा नसते. वाटेत सगळे एकाच वेळी बोलतात. पाणी कुणाला मिळालं नाही हे पुण्याबाहेर पडेपर्यंत महापालिकेच्या संदर्भात सांगून होतं. काका गाडी चालवताना मागे वळून न पाहता, नुसत्या कानांनी सुखावतात.

काकूंनी रिक्षा सोडली. मांडीवर इडलीचा डबा घेऊन त्या पुढे बसतात. इडली इडलीच पोचते.

मिस्त्रीचा दोनदा निरोप आला, पाटे कधी काढायचे? काका म्हणाले, "फाइल विचाराधीन आहे." मीच एकदा न राहवून म्हटलं, "काका, पाटे काढले तर तुम्हाला एकट्यालाही आरामात फिरता येईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू शाखा अभियंत्याने कालवाच बुजवायचा प्रस्ताव आणला असावा.

मधे माझ्या साखरेचा आकडा वर गेला आणि डॉक्टरांनी मला तीन महिने गोड, तळण आणि लिफ्ट बंद केली. मी 86 वर आलो. घरात कौतुक झालं. काकांना मी काही बोललो नाही.

परवाच्या रविवारी उड्डाणपुलाच्या सांध्यावर जीपचा मागचा भाग खाडकन उडाला. सगळ्यांची बोलणी थांबली. काकांनी गाडी बाजूला घेतली, चारही टायर दाबून पाहिले. काकूंनी डबा उघडला. डावीकडच्या दोन इडल्यांना तडे गेले होते.

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पोट पुढे काढून बसलो, पण एकतीस वर्षं पाण्याची चोरी पकडलेला तो माणूस.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. काका उभे, हातात आम्रखंडाचा एक किलोचा डबा.

"डॉक्टरला काही सांगू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. "मागचा डावा कोपरा उठलाय. रविवारपर्यंत जमेल तेवढं बघ."