आमटीतलं मीठ, सदऱ्यावरची हळद

शालेय विज्ञानाने जगातल्या सगळ्या बदलांची दोन घरांत वाटणी करून टाकली आहे. नवा पदार्थ तयार झाला तर बदल रासायनिक, नाही झाला तर भौतिक. इथवर ठीक. पण सोबत एक पोटनियमही घोकून घेतात: भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक येत नाही. हा पोटनियम करणाऱ्याने जन्मात कांदा चिरलेला नसावा.

चिरणं हा भौतिक बदल. मग चिरलेला कांदा सांधून दाखवा! शिवाय प्रकरण तेवढ्यावर थांबतही नाही. सुरी फिरली की पेशी फुटतात, इतके दिवस शेजारी राहूनही एकमेकांचं तोंड न पाहिलेली विकरं आणि गंधकाची संयुगं समोरासमोर येतात, आणि त्यांच्या भांडणातून निघालेला वायू थेट आपल्या डोळ्यांत जातो. म्हणजे चिरणं भौतिक, रडणं रासायनिक.

बदलाच्या थाटावर तर मुळीच जाऊ नये. पुरी टम्म फुगते तेव्हा पंगत खूश होते, पण ती करामत नुसत्या वाफेची, म्हणजे भौतिक. तिच्या अंगावर गुपचूप चढलेला खरपूस रंग मात्र रासायनिक. अमिनो आम्लं आणि साखर तापली की त्यांचं काय जमतं, ते लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडलं. आमच्याकडे ते अख्खं शास्त्र 'जरा लालसर होऊ दे गं' एवढ्यात उरकतं.

परवा आमटीत मीठ अंमळ जास्त पडलं. मी आईला धीर दिला, "अगं, हा निव्वळ भौतिक बदल. मीठ कुठे गेलेलं नाही, विरघळलंय फक्त. पाणी आटवलं की परत हाती."

आईने वाटी माझ्यापुढे ढकलली. "मग काढ."

ढकलताना आमटी हिंदकळली ती माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर. डागाला साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक! हळदीतलं कर्क्युमिन आम्लारिधर्मी साबणाने रंग बदलतं, हा बदल रासायनिक. वर लिंबू पिळलं, तर डाग पुन्हा पिवळा. रासायनिक बदल चक्क उलटला! पोटनियमाचा एक पाय कांद्याने मोडला होता, दुसरा हळदीने मोडला. मी हरखून साबण-लिंबू, लिंबू-साबण करत बसलो.

"लिंबं काय फुकट येतात?" आई कडाडली. "उन्हात टाक तो सदरा."

टाकला. डाग फिका पडत पडत नाहीसा झाला. उन्हाने कर्क्युमिनचे तुकडे पडतात. मग ते ना साबणाने परत येत, ना लिंबाने. बदल रासायनिक, आणि कायमचा! पोटनियमाची अब्रू शेवटी वाचली ती अशी, कपड्यांच्या दोरीवर.