त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं

प्रत्येक कचेरीत एक जण असा असतो, ज्याला 'कॉम्प्युटरमधलं कळतं'. नेमणूक आवक-जावकला, पगार कारकुनाचा. पण कधीतरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याने न फाडता बाहेर काढला आणि तेव्हापासून तो तज्ज्ञ झाला. नव्या पीसीवरून जुन्या पीसीतलं फोल्डर उघडेनासं झालं, त्या फोल्डरला जोडलेल्या झेड ड्राइव्हवर लाल फुली आली, की त्याच्या नावाचा पुकारा होतो. तो येतो, उभ्याउभ्याच स्क्रीनकडे बघतो, 'काय केलं होतंत?' असं विचारतो (उत्तर ठरलेलं : 'काहीच नाही') आणि जुना पीसी बंद करून चालू करतो. फोल्डर उघडतं. लोक हसतात, याला एवढं एकच येतं म्हणून. माझं म्हणणं असं, की त्याचा उपाय बरोबरच असतो. घोटाळा हा, की गुण आला की त्याची चौकशी संपते.

गुण का येतो ते बघण्यासारखं आहे. जुन्या पीसीवर असते ती विंडोज एक्सपीची प्रोफेशनल आवृत्ती एका वेळी बाहेरून आलेल्या दहाच जोडण्या सांभाळते. म्हणजे ही दहा सीटांची एसटी, आणि कचेरीत पीसी बारा. शिवाय इथे रुमाल टाकून जागा धरता येत नाही : फाइल उघडी नसेल आणि पंधरा मिनिटं काही हालचाल दिसली नाही, तर कंडक्टर रुमाल उचलून खिडकीबाहेर टाकतो. एरवी त्याने बिघडत नाही. लाल फुली पुष्कळदा दिखाऊच असते, क्लिक केलं की जाते. पण आपण चहाला गेलो आणि तेवढ्यात अकरावा आत शिरला, तर परत आल्यावर गाडी भरलेली. जुना पीसी रीस्टार्ट केला की सगळेच खाली उतरतात आणि नव्याने झुंबड उडते. यात रोग बरा होत नाही, रांग मोडते. कोण कोण बसलंय याची यादी त्याच पीसीत 'सेशन्स'खाली दिसते. ती आधी उघडून पाहिली असती तर कारण कळलं असतं. पण यादी वाचणाऱ्याला कोणी तज्ज्ञ म्हणत नाही, बटण दाबणाऱ्याला म्हणतात.

जिथे लॉगिन तपासणारा सर्व्हर आहे तिथे आणखी एक गंमत. जुन्या पीसीतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि शिपाई रात्री इमानदारीने मेन स्विच बंद करतो. सकाळी पीसी कित्येक वर्षं मागे जागा होतो. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की सर्व्हर ओळख नाकारतो. आमचा तज्ज्ञ मात्र स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख सोडून सगळं तपासतो आणि ठणकावतो, 'मॅडम, पासवर्ड विसरलात.'

यावर कोणी म्हणेल, बिचारा फुकट राबतो, त्याला कशाला नावं ठेवता? बरोबर आहे. जुना पीसी फेकून द्या म्हणणंही सोपं नाही; डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची जाड केबल त्यालाच लागते आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. पण नव्या-जुन्यात समेट घडवताना तो वाकायला लावतो ते नेहमी नव्यालाच. फोल्डर शेअर करताना एक्सपीला एसएमबी-१ ही एकच बोली येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने तिच्यातल्याच भगदाडातून शिरून ब्रिटनची सरकारी रुग्णालयं ठप्प केली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० मधून ती हद्दपार होऊ लागली. आमचा तज्ज्ञ ती नव्या पीसीवर टिक करून परत आणतो, वर फायरवॉलही बंद करतो, 'मधे येतं म्हणून'. सासूला ऐकू येत नाही म्हणून सुनेला घराची दारं सताड उघडी ठेवायला सांगावं, तसं हे. निदान त्या जुन्या पीसीचं इंटरनेट तरी तोडावं! पण ते तो तोडत नाही, कारण क्रिकेटचा स्कोअर तिथेच उघडलेला असतो.

त्या पीसीच्या मॉनिटरवर त्याच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'कृपया हा पीसी कोणीही बंद करू नये.' रोज सव्वाअकराला तो तिच्याखाली हात घालून बटण दाबतो.