अंशांकित खिळ्यांचा महिमा

लोखंडाच्या एका टोकास अणी व दुसऱ्यास डोके दिले की खिळा सिद्ध झाला, ही मानवजातीची रानटी समजूत अमेरिकेतील लाकडी घरांचे सांगाडे ठोकणाऱ्या नेलगनच्या, म्हणजे खिळे झाडणाऱ्या बंदुकीच्या, कारखानदारांनी ज्या निष्ठेने दूर केली, तिची दफ्तरी नोंद झालीच पाहिजे. प्लास्टिकने जोडलेली खिळ्यांची माळ बहुधा 21 अंशांत कलते, तारेने जोडलेली 28 अंशांत, कागदाने जोडलेली 30 ते 34 अंशांत, आणि वेटोळ्याची 15 अंशांत; एकीची माळ दुसरीच्या बंदुकीत घालणे म्हणजे पत्रिका न पाहता लग्न लावणे. माळेत खिळे दाटीने बसावेत म्हणून प्रथम त्यांच्या डोक्याचा एक काप छाटण्यात आला. भूकंप-वादळांच्या काही मुलुखांतील इमारत-कायद्यांनी पूर्ण डोक्याचा आग्रह धरला, तेव्हा डोके सन्मानपूर्वक परत करण्यात आले, मात्र मध्यभागी नव्हे, किंचित बाजूला सरकवून! हुकूम आणि सोय यांचा असा सलोखा आमच्या मामलेदार कचेऱ्यांसही अद्याप साधलेला नाही.

आता इतकेच उरले आहे की वृक्षांनी नेमून दिलेल्या कोनातच वाढावे, आणि सुतारानेही त्याच कोनात कलून उभे राहावे. कसूर झाल्यास मजुरी जप्त व्हावी.

बंदुकीतून सुटलेला खिळा मात्र, माळ कितीही अंशांची असो, लाकडात सरळच शिरतो. तथापि खरेदीदाराने पैसे मोजण्यापूर्वी बंदुकीवरील अंश अवश्य वाचावेत. हातोड्यावर ते छापलेले नसतात.