बंदर रद्द, बिल कायम : क्रूझ कंपन्यांच्या संचालकांस खुले पत्र

मायामी, जिनिव्हा आणि जिथे जिथे कार्यालये असतील तिथल्या क्रूझ कंपन्यांच्या समस्त सन्माननीय संचालकांस प्रवासीवर्गाचा कृतानेक नमस्कार.

विनंती विशेष. तिकिटासोबत प्रवासी-करार नावाचा जो दस्तऐवज पाठवला जातो, आणि जो आपण वाचला आहे असे प्रवासी एका चौकोनात खूण करून बिनदिक्कत खोटे सांगतात, त्याची थोरवी अद्याप कोणी नीट वर्णिलेली नसल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले आहे. माहितीपत्रकात ज्या बंदरांची नावे ठळक अक्षरांत, तारीखवेळेसह आणि निळ्याशार छायाचित्रांसह छापलेली असतात, ती बंदरे कंपनीला कोणत्याही क्षणी वगळता किंवा बदलता येतील आणि त्याबद्दल तिच्यावर कसलेही दायित्व राहणार नाही, अशा आशयाचे कलम या करारात हमखास आढळते. प्रवाशाला वाटते की त्याने सहा बंदरांची सफर विकत घेतली; कायद्याच्या दृष्टीने त्याने एका तरंगत्या हॉटेलातली खोली घेतलेली असते आणि ते हॉटेल कुठे जाईल हा मालकाचा खासगी प्रश्न असतो. उलटपक्षी, निघण्याआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत प्रवाशाने आपला बेत बदलला, तर त्याला बहुधा छदामही परत मिळत नाही. बदलण्याचा सगळा हक्क एका पक्षाकडे आणि पैसे भरण्याचे सगळे कर्तव्य दुसऱ्याकडे, अशा व्यवस्थेला करार म्हणण्याचे औदार्य संचालकांनी दाखवले आहे.

या कलमाचे तेज मार्च 2024 च्या अखेरीस आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर विशेष फाकले. साओ टोमे या बेटावर बाहेरच्या, म्हणजे जहाजामार्फत न घेतलेल्या, सहलीला गेलेले आठ प्रवासी ठरलेल्या वेळेनंतर परतले; जहाज तेव्हाही समोर नांगर टाकून उभे होते, स्थानिक तटरक्षकांनी त्यांना आपल्या नावेतून जहाजापाशी नेलेही, पण वर घेण्यात आले नाही. वेळ त्यांनी चुकवली होती, हे निर्विवाद. मग ही मंडळी विमाने बदलत बदलत पुढच्या बंदरी, गांबियातील बांजूल येथे, जहाज गाठायला गेली, आणि तिथे हवामान व भरती-ओहोटीच्या अडचणीमुळे जहाजानेच ते बंदर गाळले. प्रवासी हजर, जहाज गैरहजर. सरतेशेवटी सीमा ओलांडून सेनेगलची राजधानी डाकार गाठावी लागली. बांजूलपासून सेनेगलपर्यंतच्या टप्प्याचा खर्च कंपनीने पुढे देऊ केला, म्हणजे जहाज आले नाही म्हणून जेवढा प्रवास वाढला तेवढाच. प्रवाशाची तासाभराची दिरंगाई हा गुन्हा आणि जहाजाची अख्ख्या बंदराला दांडी ही दैवी आपत्ती, हा न्याय ज्या प्रतिभेने लिहिला तिला दंडवत घातल्यावाचून पुढे जाता येत नाही.

या प्रतिभेला सर्वोच्च मान्यताही लाभलेली आहे. वॉशिंग्टन राज्यातील एका दांपत्याने स्थानिक एजंटाकडून तिकिटे घेतली, पैसे भरले, त्यानंतर तिकिटे घरी आली आणि त्यांवर बारीक अक्षरांत अशी अट निघाली की कंपनीविरुद्धचा कोणताही दावा फ्लोरिडातील न्यायालयातच लावता येईल. लॉस एंजेलिसहून मेक्सिकोला निघालेल्या त्या जहाजावर पत्नी घसरून पडली, तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दाद मागणे परवडत नसल्याने दांपत्याने आपल्याच राज्यात दावा गुदरला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध श्यूट या नावाने गाजलेल्या 1991 च्या निकालात सात विरुद्ध दोन मतांनी ती अट वैध ठरली. अशा अटींमुळे कंपनीचा खर्च वाचतो आणि त्याचा लाभ स्वस्त भाड्याच्या रूपाने प्रवाशालाच मिळतो, असेही बहुमताने सुचवले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी मात्र आपल्या भिन्नमताला त्या तिकिटाची प्रतिकृतीच जोडली, जेणेकरून ती अक्षरे किती बारीक आहेत हे वाचकाने स्वतःच पाहावे. दाव्यातली कंपनी नोंदणीने पनामाची होती. करवसुली अधिकाऱ्यासमोर पनामाची आणि जखमी प्रवाशासमोर फ्लोरिडाची, असे दोन्हीकडचे नागरिकत्व एखाद्या माणसाने मिरवले असते तर त्याची चौकशी झाली असती. जहाजांवर बहामास, पनामा किंवा माल्टा यांचे झेंडे फडकतात, ज्याला सोयीचा ध्वज म्हणतात. सोय कोणाची, हे विचारायचे नसते.

बंदर गळाल्यावर मिळणारी भरपाई हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. न भरावा लागलेला बंदर-कर माणशी थोडक्या डॉलरांत बऱ्याचदा जहाजावरच्याच खात्यात जमा होतो, जेणेकरून तो जहाजावरच्याच बारमध्ये खर्चावा. आणि फारच आरडाओरडा झाला, तर पुढच्या सफरीवर टक्केवारीने सवलत दिली जाते, म्हणजे ज्याची फसगत झाली त्याने आणखी पैसे भरून पुन्हा यावे. ज्या देशाच्या व्हिसासाठी भारतीय पारपत्रधारकाने बँकेचे उतारे, पगाराच्या पावत्या आणि अर्धी रजा खर्ची घातली, त्या देशाचा किनारा त्याने डेकवरून दुर्बिणीतून पाहावा, अशी अपेक्षा असते. 2013 साली, आगीनंतर मेक्सिकोच्या आखातात हजारो प्रवाशांसह शौचालये तुंबलेल्या अवस्थेत भरकटलेल्या एका जहाजाची अब्रू जगभर गेल्यावर, या उद्योगाच्या संघटनेने प्रवासी-हक्कांची सनद स्वतःच लिहून स्वतःच मंजूर केली. यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाली तर पूर्ण आणि मध्येच संपली तर अंशतः परतावा, असे ती सांगते. गाळलेल्या बंदराबद्दल ती मौन पाळते.

जी बंदरे गळत नाहीत त्यांची कथाही ऐकण्याजोगी आहे. ऑगस्ट 2021 पासून इटलीने मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या मुख्य जलमार्गातून बंदी केली आणि बरीच जहाजे दुसरीकडे लागू लागली, तरी माहितीपत्रकात ‘व्हेनिस (रावेन्ना)’ असे छापून येते, जरी रावेन्ना तिथून दीडशे किलोमीटरांच्या आसपास असले. ‘पॅरिस (ल हाव्र)’ हे अंतर आणखी मोठे, सुमारे दोनशे किलोमीटर. या हिशेबाने माणसाला बॅलार्ड पिअरवर उतरवून ‘पुणे (मुंबई)’ दाखवल्याचे पैसे घेता येतील. याहून सोयीचा उपाय म्हणजे खासगी बेट. 1977 साली एका कंपनीने बहामासमधले एक बेट घेतले, पुढे इतरांनी कित्ता गिरवला. आता बंदरही कंपनीचे, छत्रीही कंपनीची, आणि प्रवाशाच्या खिशातून पडणारा डॉलर एखाद्या स्थानिक मासेविक्याच्या हाती चुकूनही जात नाही.

सेवाशुल्काबद्दल, म्हणजे माणशी दररोज 16 ते 20 डॉलरच्या आसपास आपोआप कापल्या जाणाऱ्या बक्षिसीबद्दल, एवढेच म्हणावे की नोकराचा पगार पाहुण्याकडून वसूल करणारा यजमान विरळा. पाहुण्याला खुर्ची देणारा, केबिन आवरणारा तो नोकर पुष्कळदा गोव्याचा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो, महिनोन्‌महिने घराबाहेर असतो, आणि बंदर रद्द झाल्याची घोषणा झाली की शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागतात.

इथे एक गोष्ट संचालकांच्या बाजूने नोंदवणे भाग आहे, आणि ती उपरोधाने नव्हे. वाऱ्याचा जोर पाहून धक्क्याला न लागण्याचा निर्णय घेणारा कप्तान बहुतेक वेळा बरोबर असतो. बाहेर नांगर टाकून प्रवाशांना लहान बोटींनी, ज्यांना टेंडर म्हणतात, किनाऱ्यावर न्यावे लागते अशा बंदरांत खवळलेल्या लाटांवर एखादा म्हातारा पाय शिडीवरून घसरला, तर त्याची भरपाई कोणत्याच परताव्याने होत नाही. सावधगिरी सोडली की काय होते तेही जगाने पाहिले आहे : 13 जानेवारी 2012 रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या कप्तानाने जील्यो बेटाला सलामी देण्यासाठी जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेले आणि 32 माणसे मेली. ‘एवढासा तर वारा आहे’ असे स्वागतकक्षावर ओरडणाऱ्या प्रवाशाला हे माहीत नसते, आणि असा रोष पत्करून बंदर सोडणाऱ्या कप्तानाबद्दल आदर वाटावा अशीच परिस्थिती असते.

म्हणूनच राग कप्तानावर नाही. तो शहाणपणाने बंदर सोडतो. किंमत मात्र कंपनी प्रवाशाकडून वसूल करते आणि त्या शहाणपणाला ढाल करून लपते. वारा कोणाच्या हातात नसतो हे खरे, पण कोणत्या महिन्यात कोणत्या बंदरावर तो किती वेळा आडवा येतो, हे वर्षानुवर्षे तीच फेरी मारणाऱ्या कंपनीइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ते ठाऊक असूनही ते बंदर मुखपृष्ठावर छापणे ही फसवणूक आहे, आणि तिला दुसरे सभ्य नाव नाही.

तेव्हा मागणी एवढीच की प्रत्येक माहितीपत्रकात बंदराच्या नावापुढे, छायाचित्राइतक्याच ठळकपणे, गेल्या पाच हंगामांत ते किती वेळा ठरले आणि किती वेळा गाळले गेले, हे दोन आकडे छापावेत, आणि गाळलेल्या प्रत्येक दिवसाचे भाडे रोख परत करावे. तोवर वाचकांनी पैसे भरण्याआधी प्रवासी-करार मागवून घ्यावा आणि मार्गबदलाचे कलम सर्वांत आधी वाचावे.