दुसरा रिमोट

जळगावात भरिताबद्दल मत विचारलं, तर समोरचा चवीचं काही बोलत नाही. वांगी बामणोदची होती का, कपाशीच्या काड्यांवर भाजली होती का, असे उलट प्रश्न येतात आणि शेवटी सगळा विषय ‘एकदा आमच्याकडे या ना भो’ इथं येऊन थांबतो. व्हिडिओ गेमची शिफारसही आमच्याकडे बरीच वर्षं याच वळणानं चालली. कोणता गेम चांगला? जो ज्याच्या घरी असेल तो.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा तो डबा गल्लीत एखाद्याकडेच असे. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची ती कुठल्याशा अनाम कारखान्यातली नक्कल. कॅसेटवर ९९९९९९९ गेम छापलेले असत. आत मूठभर खेळ वेषांतर करून नव्या नव्या नंबरांवर पुन्हा उभे राहत. तरीही रसिकांची मतं ठाम. सात नंबरचा मारिओ हलका उडतो, एकवीस नंबरचा जड आहे, असं गळ्याची शपथ घेऊन सांगणारे जाणकार प्रत्येक वाड्यात होते. कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची, ती कुणी आणि किती जोरात, यावरही घराणी पडलेली. गाण्याच्या मैफिलीत बसावं तशी ही मंडळी त्या चौकोनी ठिपक्यांपुढे माना डोलावत बसायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याहून आत्या यायची आणि तिच्याबरोबर आतेभाऊ, स्वतःची मतं घेऊन. ‘मारिओमा काय शे? कॉन्ट्रा लाव.’ मारिओचा पक्ष माझा. १९८५ सालचा तो मिशीवाला बुटका सदा उजवीकडे निघालेला, गाडी चुकेल अशा घाईत. मला त्याच्याविषयी माया वाटे. पण मारिओ एकानं खेळायचा आणि दुसऱ्यानं आपली पाळी येईपर्यंत त्याच्या मरणाची वाट पाहायची. कॉन्ट्रात दोघं एकदम. भावानं एक मंत्रही आणला होता: वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए. पाढ्याच्या चालीत म्हणायचा, की तीस जीव हातात. कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांना १९८६ मध्ये ग्रॅडिअस हा खेळ घरच्या यंत्रावर आणताना तो स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी ही पळवाट करून ठेवली, हे पुष्कळ पुढे वाचलं. जपानातल्या एका माणसाची ती खासगी सोय कुणाकुणाच्या तोंडून धुळ्याच्या पाचकंदिलापर्यंत आली असेल, याचा माग तिथल्या राजवाडे संशोधन मंडळातही लागायचा नाही.

मोठी माणसं आम्हाला रागवू शकत नसत, कारण आखाजीला ती स्वतःच ओसरीवर पत्ते मांडून बसलेली. खानदेशात त्या सणाला तेवढी मोकळीक असते. आत तीस जीव, बाहेर तीन पत्ते, आणि वीज गेली की दोन्हीकडून एकच हुंकार.

कॉन्ट्राची आणखी एक गंमत होती. आपले जीव संपले की जोडीदाराच्या शिल्लकीतला एक उचलता येई. भाऊ न विचारता उचलायचा. मी भांडायचो, पण तो मेलेला असताना पुढं जाण्यात फारशी मजा नव्हती, हेही खरंच. दुसरा रिमोट रिकामा राहिला की पडदा उगाच रुंद वाटायचा.

आता भाचा विचारतो, मामा, एखादा गेम सुचव. मी पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२० सालचा ‘राजी’ सांगितला: सर्कशीतली मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांकडून सोडवायला निघते. त्यानं आधी रेटिंग पाहिलं, मग विचारलं, ‘मल्टिप्लेअर आहे का?’ नाही म्हटल्यावर ‘बघतो’. हे ‘बघतो’ मला ओळखीचं आहे.

खरी शिफारस करावी ती आत्यानं. नवी मुंबईत तयार झालेला लुडो किंग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिच्या फोनवर आला आणि तिनं धुळे, जळगाव, चाळीसगाव असा सगळा गोतावळा भरती केला. गेम कसा आहे म्हणाल तर तिचं मत वाईटच: ‘माले सहा पडसच नही, फोनच लबाड शे.’ चित्रं भडक, जाहिराती फार. मग आम्हाला कशाला घ्यायला लावतेस? ‘चौघं लागतस ना रे,’ ती म्हणाली. आतेभाऊ नाक मुरडून म्हणाला, लुडोमा काय शे? रात्री दहाला हिरव्या सोंगट्या त्याच्याच होत्या, आणि पहिली मारली ती माझी.