काळी चारची संस्कृती

संस्कृतीविषयी अधिकारवाणीने बोलण्यास ज्ञानापेक्षा उपरण्याची आवश्यकता अधिक असते, हे तत्त्व मला फार लवकर उमगले. म्हणूनच लंडनच्या उपनगरातील आमच्या मंडळींनी भारतीय संस्कृती, कला आणि खाद्य यांचा एकत्रित महोत्सव भरविण्याचे योजिले, तेव्हा बैठकीस मी उपरणे घेऊन गेलो. इतर सभासद कचेरीतून परस्पर आल्यामुळे टाय लावून बसले होते, आणि टायवाल्यास उपरणेवाल्याविरुद्ध बोलण्याचे नैतिक धैर्य परदेशात सहसा होत नाही. निवेदकपदी माझी नेमणूक बिनविरोध झाली. निमंत्रणपत्रिकेवर माझे नाव ठळक टंकात झळकले. आणि अगदी तळाशी, गाड्या कोठे उभ्या कराव्यात या सूचनेच्या किंचित वर, ‘संवादिनी-साथ’ या शब्दांपुढे पेटीवाल्या काकांचे नुसते आडनाव, आद्याक्षरांचीही चैन न करता, छापले गेले.

भाषणासाठी मी ‘विशुद्ध भारतीय परंपरा’ हा विषय निवडला होता, कारण विशुद्धतेवर बोलताना पुराव्याचे कागद कोणी मागत नाही. खाद्यविभागाने मात्र मला त्याच दिवशी तोंडघशी पाडण्याचा जणू चंगच बांधला होता. योगायोगाने ती संकष्टी होती. तेव्हा उपासकरूंकरिता साबुदाण्याची खिचडी स्वतंत्र टेबलावर, वड्याच्या कढईचा वाराही लागणार नाही अशा बंदोबस्तात ठेवली होती. त्या सोवळ्या पातेल्याचे जाबसाल घेऊ गेल्यास असे निष्पन्न होते, की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे चारही मानकरी मूळचे अमेरिका खंडातले. समुद्रमार्गे आले, आणि येता येता थेट आमच्या उपासालाच चालू लागले. गणपतीने आजवर यास हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

परंतु खिचडी ही केवळ प्रस्तावना झाली. खरे प्रकरण पेटीचे आहे, आणि पेटीविषयी बोलू लागलो की मला आवरण्याची मुभा मी कोणालाच देत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये देबां नावाच्या कारागिराने ज्या वाद्याचे एकस्व घेतले, ते पायाने भाता हलवून वाजविण्याचे होते, आणि ज्या गावच्या देवळाला मोठा ऑर्गन परवडत नसे तेथे प्रार्थनेच्या सोयीसाठी ते खुर्चीपुढे उभे केले जाई. मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या सामानाबरोबर ते हिंदुस्थानात उतरले, आणि आमची मंडळी गाण्यास खुर्चीवर बसत नाहीत हे ध्यानी येताच त्याचे पाय काढून टाकण्यात आले; या शस्त्रक्रियेचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. भाता पाठीमागे गेला, डावा हात त्यावर आणि उजवा पट्ट्यांवर आला, आणि एक फिरंगी वाद्य मांडी घालून बैठकीत बसले, ते पुन्हा उठलेच नाही. महाराष्ट्राने तर त्याला डोक्यावर घेतले. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले, तेव्हा ज्यांच्या चालींनी प्रेक्षक वेडे झाले ते गोविंदराव टेंबे मुळात पेटीवरचे बादशहा. आणि कीर्तन असो, भजन असो, लग्नाआधी मुलगी ‘गाते’ हे सिद्ध करावयाचे असो, पेटीवाचून आमचे पान हलेना.

मग विशुद्धतेच्या दप्तरातून फर्मान सुटले. या वाद्याचे बारा सूर कायमचे ठोकलेले, त्यात श्रुती नाहीत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, सबब ते भारतीय संगीतास घातक आहे, असा अभियोग रुजू झाला. रवींद्रनाथांसारख्या महाकवीचाही या वाद्यावर रोष होता. आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. गंमत अशी, की गुलामगिरीच्या काळात निघालेला हा हुकूम स्वराज्य आल्यावरही तसाच चालू राहिला, आणि १९७१ साली तो अंशतः शिथिल होईपर्यंत तीन दशके पेटी रेडिओच्या दाराबाहेर उभी होती. आरोप खोटा होता असे मी म्हणत नाही. मींड निघत नाही, हे खरेच आहे. पण ज्याला मींड येत नाही त्याने घराबाहेर उभे राहावे, हा न्याय मला कधीच पचला नाही, आणि तो का पचला नाही हे त्या महोत्सवापर्यंत मला नीटसे सांगता आले नसते.

कार्यक्रम सुरू झाला. भाषणाचे तिसरे पान मी उलटीत असता पेटीवाल्या काकांनी माझ्या वाक्याखाली काळी चारचा षड्ज अगदी हळू धरला. श्रोत्यांना वाटले, गाणे सुरू होत आहे. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो मी स्वतःकडे लावून घेतला, कृतज्ञतेने वाकलो, आणि वाकलेला वक्ता पुन्हा सरळ होऊन चौथे पान वाचू शकत नाही, हा सभाशास्त्राचा नियम काकांना पूर्ण अवगत असल्यामुळे भाषण तेथेच समाप्त झाले.

पहिली गायिका आठ वर्षांची होती. तिने अभंग काळी चारमध्ये आरंभिला आणि दुसऱ्या कडव्यास ती अशा एका सुरावर पोचली, जो कोणत्याही पट्टीत नव्हता. काकांनी तिला थांबविले नाही, डोळे वटारले नाहीत. नुसता भाता किंचित मंद केला, जवळच्या दोन सुरांमध्ये आपली पेटी अस्पष्ट ठेवली, आणि ती जेथे सापडेल तेथे तिला गाठून, जणू ती तेथेच जाणार होती, अशा थाटात समेवर आणून सोडले.

सभागृह एका चर्चच्या मालकीचे होते. त्याची देखरेख करणाऱ्या वृद्ध बाई मध्यंतरी पेटीजवळ येऊन म्हणाल्या, की एवढे सुंदर, इतके प्राचीन भारतीय वाद्य त्यांनी आजवर पाहिले नव्हते. उपरणे सावरून मी तो गौरव राष्ट्राच्या वतीने स्वीकारीतच होतो, तोच काका मला म्हणाले, “अहो, जरा सरका,” आणि सभागृहाच्या कोपऱ्यातील एका धूळभरल्या कपाटवजा वस्तूवरचे कापड त्यांनी दूर केले. ते पायपेटीचे हार्मोनियमच होते. निम्मे सूर मुके झालेले. उरलेल्या निम्म्यांवर काकांनी भूपाची एक सरळशी चाल वाजविली. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि मग हे आमच्याकडेही होते होय, असे स्वतःशीच म्हणाल्या.

आमच्या येथील मुलांच्या मराठीतही मींड नसते. ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्या जागा चुकतात, आजीशी फोनवर बोलताना शब्दाशब्दात अंतर पडते, आणि सुटीत गावी गेल्यावर एखादा नातलग ते सर्वांदेखत हसून दाखवितो. तेव्हा मला त्या फर्मानाची आठवण होते आणि मी संतापतो. पेटीत श्रुती नाहीत हे ज्यांना ऐकू आले त्यांचे कान तयार होते, यात शंका नाही. परंतु आठ वर्षांच्या पोरीला समेवर आणण्यासाठी कान पुरत नाहीत, शेजारी बसून भाता हलवीत राहणारा माणूस लागतो. संस्कृती मला आता त्या हातापलीकडे फारशी कोठे दिसत नाही, आणि व्यासपीठावर तर मुळीच नाही. तेथे मी होतो.

सबब पुढील बैठकीत मी दरखास्त मांडली, की येत्या वर्षी पेटीवाल्या काकांचे संपूर्ण नाव ठळक टंकात छापावे. ती एकमताने मंजूर झाली. लगेच खजिनदारांनी उपसूचना आणली, की पत्रिकेवर जागा तेवढीच असल्याने निवेदकाचे नाव गाड्यांच्या सूचनेजवळ हलवावे. या उपसूचनेचा साधकबाधक विचार होणे अगत्याचे वाटल्यावरून, माझ्या विनंतीस मान देऊन, सभा तहकूब करण्यात आली आहे.